डबक्याच्या थेंबातले एकपेशीय सजीव: नमुना, काचपट्टी आणि नेमके शब्द

प्रयोगवह्यांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. हलणारे सगळे ‘अमीबा’, हिरवे सगळे ‘शैवाल’, हवेच्या बुडबुड्यात काढलेले केंद्रक, आणि ४०० पट दिसलेल्या पॅरामेशियमच्या आकृतीत चक्क तंतुकणिका, म्हणजे या सूक्ष्मदर्शीत दिसूच न शकणारी पेशीअंगके. या सगळ्यांचे मूळ एकच आहे: पाहण्याआधीच नाव ठरलेले असते. पुस्तकातली आकृती डोक्यात ठेवून विद्यार्थी थेंबात तीच शोधत बसतो.

इथे क्रम उलटा लावला आहे. आधी हालचाल, मग आकार, मग लांबी, मग रंग टाकल्यावर काय बदलले ते, आणि नाव सगळ्यात शेवटी. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळेत जो साधा संयुक्त सूक्ष्मदर्शी असतो, म्हणजे ४०, १०० आणि ४०० किंवा ४५० पट दाखवणारा, तेवढ्यावर हे सगळे होते. पाणी आणण्यापासून वही पूर्ण होईपर्यंत साधारण दोन आठवडे धरा. तपासणीच्या आदल्या दिवशी हे काम सुरू केले तर हाती काही लागत नाही.

टप्पा १: पाणी कुठून आणि कसे आणायचे

पावसाळा ओसरल्यावरचे दोन-अडीच महिने सगळ्यात चांगले. पाणी साचलेले, उथळ, आणि तळाशी पाने कुजत असलेले हवे. मेहरूण तलावाचा काठ, हतनूरच्या पाणफुगवट्याची उथळ बाजू, गिरणा-पांझरेच्या पात्रात मागे राहिलेले डोह, पाटचारीच्या कडेचे डबके, यांपैकी काहीही चालेल. वाहत्या पाण्यात फारसे सापडत नाही. प्लास्टिक कागद अंथरलेल्या शेततळ्यात गाळ कमी, म्हणून तळावरचे जीवही कमी.

एक जागा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे गावहाळ. गुरांच्या पिण्याच्या या हौदात शेण-मूत थोडे मिसळत राहते, ऊन लागते, आणि पाणी हिरवेगार होते. युग्लीनासाठी याहून सोपी जागा नाही.

एकाच ठिकाणाहून तीन वेगळ्या बाटल्या भरा:

१. पृष्ठभागाजवळचे हिरवे पाणी.
२. तळाच्या गाळाचा फक्त वरचा तपकिरी, पातळ थर. खालचा काळा चिखल नको. त्यात प्राणवायू नसतो.
३. कुजकी पाने आणि काड्या पाण्यात पिळून आलेले गढूळ पाणी.

बाटली तीन-चतुर्थांश भरा, वर हवा राहू द्या, झाकण सैल ठेवा. तिथेच चिठ्ठी चिकटवा: जागा, तारीख, वेळ, पाण्याचे तापमान, खोली. ही चिठ्ठी घरी येऊन लिहिली की तिन्ही बाटल्यांची सरमिसळ झालीच म्हणून समजा. नमुना तीन-चार तासांत सावलीत पोहोचवा. मोटारसायकलच्या डिक्कीत दुपारी ठेवलेली बाटली प्रयोगशाळेत पोहोचते, पण त्यातले जीव पोहोचत नाहीत.

इशारा: केळी, कापूस किंवा मिरचीच्या शेतालगत फवारणीचे पंप जिथे धुतात, तिथले पाणी घेऊ नका. दिसायला स्वच्छ, पण आत काही जिवंत नसते.

इशारा: साचलेले पाणी नाका-तोंडात जाऊ देऊ नका. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. ड्रॉपर नसेल म्हणून नळीने तोंडाने पाणी ओढणे कधीही नाही.

टप्पा २: कडब्याचा काढा

ताज्या पाण्यात जीव विरळ असतात. थेंबामागून थेंब पाहूनही काही दिसत नाही, मग कंटाळून पुस्तकातली आकृती उतरवली जाते. म्हणून आधी जीवांची संख्या वाढवावी लागते.

लागणारे साहित्य: १ लिटर पाणी, १० ग्रॅम वाळलेला कडबा (दादर ज्वारीचा उत्तम, नवापूरकडे भाताचे तनस चालेल), गव्हाचे ४-५ दाणे, दोन लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, पातळ सुती फडके.

पाण्याची निवड इथे सगळ्यात महत्त्वाची. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडलेली असते. असे पाणी पसरट भांड्यात उघडे २४ तास ठेवा. बोअरचे पाणी अनेक गावांत फार जड असते. त्यात वाढ मंद होते आणि काचपट्टीवर पांढरे क्षार उरतात. सगळ्यात खात्रीचे पाणी त्याच डबक्याचे: फडक्यातून गाळून, उकळून, थंड केलेले.

१. कडब्याचे २-३ सेंटिमीटरचे तुकडे करा. फवारणी झालेल्या शेतातला कडबा नको.
२. कडबा आणि गहू पाण्यात १० ते १५ मिनिटे उकळा. थंड करून कडब्यासकट बरणीत ओता. बरणी साबणाने धुतली असेल तर साध्या पाण्याने तीनदा विसळा. साबणाचा अंशही घातक ठरतो.
३. फडके बांधून १ ते २ दिवस तसेच ठेवा. पाणी धुरकट होईल. उकळूनही धुरकट का होते? कडब्यावरच्या काही जीवाणूंचे बीजाणू उकळीत टिकतात, आणि हवेतूनही जीवाणू येतात. हे जीवाणू म्हणजे पुढच्या पाहुण्यांचे अन्न.
४. आता तिन्ही बाटल्यांमधून मिळून ६० ते १०० मिलिलिटर पाणी त्यात घाला.

चौथी पायरी गाळणारे फार आहेत. कडबा उकळला, बरणी भरली आणि पॅरामेशियमची वाट पाहत बसले, असे होते. कोल्पोडासारख्या काही एकपेशीय जीवांच्या पुट्या, म्हणजे कवचात बंद झालेले सुप्त जीव, वाळल्या गवतावर असतात, त्या पाण्यात फुटतात. पण पॅरामेशियमची पुटी होत असल्याचे खात्रीने आढळलेले नाही. डबक्याचे पाणी घातल्याशिवाय ते कडब्यातून येणार नाही.

बरणी थेट उन्हात नको. उजेड असलेल्या सावलीत हवी. २२ ते २८ अंश तापमान योग्य. पाणी ३५ अंशांपुढे गेले की पॅरामेशियम टिकत नाही, आणि भुसावळ-जळगावच्या एप्रिल-मेमध्ये खोलीतले पाणी तिथवर सहज जाते. उन्हाळ्यात करायचेच असेल तर परातीत वाळू घालून ती ओली ठेवा आणि बरणी त्यात रोवा, वर ओले गोणपाट गुंडाळा. धुळ्याच्या थंडीत उलट अडचण: वाढ मंदावते, चार-पाच दिवस जास्त धरा.

साधारण क्रम असा असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पृष्ठभागावर साय धरते आणि अगदी लहान, झपाट्याने पळणारे कशाभिकाधारी (लांब चाबकासारखा तंतू असलेले) जीव दिसतात. मग कोल्पोडा. सहाव्या ते दहाव्या दिवसांत पॅरामेशियम आणि त्याचे भाईबंद. अमीबा आणि व्हॉर्टिसेला बहुधा आणखी उशिरा. दोन आठवड्यांनी संख्या घटू लागते. तेव्हा ५० मिलिलिटर काढून नव्या काढ्यात टाका.

तपासा: वास ओल्या गवताचा असेल तर ठीक. सडक्या अंड्यासारखा वास आणि काळे पाणी म्हणजे कडबा जास्त झाला, प्राणवायू संपला. ते ओतून द्या, दुरुस्त होत नाही.

इशारा: फडके न बांधलेली बरणी म्हणजे डासांचे पाळणाघर. आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो, आणि तोवर अळ्या तुमचे आदिजीवही (अमीबा, पॅरामेशियमसारखे एकपेशीय) फस्त करतात.

टप्पा ३: सूक्ष्मदर्शीचा उजेड लावणे

जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असते. उजेड जास्त झाला की ती दिसतच नाही. ‘काहीच दिसत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते.

१. सगळ्यात कमी पटीचे वस्तुभिंग लावा. नेत्रिका १० पट आणि वस्तुभिंग ४ पट असेल तर एकूण ४० पट.
२. आरसा खिडकीकडे वळवा. मंचाखाली कंडेन्सर (उजेड एकवटणारे भिंग) असेल तर आरशाची सपाट बाजू, नसेल तर अंतर्वक्र बाजू. थेट सूर्याकडे आरसा कधीही नको. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.
३. मंचाखालची झडप अर्ध्याहून अधिक बंद करा. कंडेन्सर असेल तर थोडा खाली घ्या. दृश्य किंचित अंधारले की पेशीच्या कडा उठून येतात.

तपासा: दृश्यात काळा ठिपका आहे? नेत्रिका फिरवा, ठिपका फिरला तर घाण नेत्रिकेवर. काचपट्टी सरकवा, ठिपका सरकला तर तो नमुन्यात. दोन्ही वेळा जागीच राहिला तर वस्तुभिंग पुसा, तेही भिंगाच्या कागदाने, रुमालाने नाही.

टप्पा ४: काचपट्टी तयार करणे

थेंब कुठून घ्यायचा हे आधी ठरवा, कारण बरणीतही प्रत्येकाची जागा वेगळी असते. पॅरामेशियम सायीच्या लगेच खाली आणि काचेच्या कडेला गोळा होते. अमीबा तळाच्या गाळावर. व्हॉर्टिसेला कडब्याच्या तुकड्याला चिकटलेले. मधल्या पाण्यात ड्रॉपर बुडवणारा रिकाम्या हाताने परततो.

१. काचपट्टी आणि आच्छादन काच कडेने धरून पुसा.
२. मधोमध एकच लहान थेंब ठेवा. मोठा थेंब असला की काच तरंगते आणि सगळे वाहत राहते.
३. शोषक कापसाचे ४-५ धागे विंचरून थेंबात पसरा. धाग्यांच्या जाळीत पॅरामेशियम अडकते आणि निवांत पाहता येते. शेतातून वेचलेला कापूस यासाठी वापरू नका. त्याच्या तंतूंवर मेणाचा थर असतो, तो पाण्यात भिजत नाही आणि बुडबुडे धरून ठेवतो. औषधाच्या दुकानातला कापूस घ्या.
४. आच्छादन काच एका कडेने टेकवा, सुईच्या आधाराने ४५ अंशांत धरा आणि हळूहळू खाली सोडा. वरून टपकन टाकली की बुडबुडे आलेच.
५. बाहेर आलेले पाणी टिपकागदाने टिपा, पण काचेखालचे ओढून घेऊ नका.

अमीबासाठी वेगळी पद्धत आहे. गाळाचा थेंब काचपट्टीवर १५-२० मिनिटे तसाच राहू द्या, वरून ओले झाकण ठेवा. अमीबा काचेला चिकटतो. मग काचपट्टी किंचित तिरकी करून गाळ ओघळू द्या, स्वच्छ पाण्याचा एक थेंब घाला आणि दोन कडांना केस ठेवून त्यावर आच्छादन काच ठेवा. केस नसतील तर काचेच्या वजनाखाली अमीबा चिरडतो.

व्हॉर्टिसेलासाठी काचपट्टीला दोरा बांधून ती बरणीत ३-४ दिवस लटकवा. एक बाजू पुसून दुसरी पाहा.

इशारा: खानदेशच्या कोरड्या हवेत काचेखालचे पाणी काही मिनिटांत आटते. पंखा बंद करा. कडेला दर थोड्या वेळाने पाण्याचा बारीक थेंब सोडा, किंवा आच्छादन काचेच्या कडांना आधीच व्हॅसलीनची पातळ रेघ लावा.

टप्पा ५: हालचाल पाहणे

४० पटीने शोधा, १०० पटीने ओळखा, ४०० पटीने तपशील पाहा. ४०० पटीवर मोठा स्क्रू फिरवायचा नाही. काचपट्टी आणि भिंग दोन्ही फुटतात.

आधी ‘हलते’ आणि ‘हलवले जाते’ यांतला फरक करा. सगळे कण एकाच दिशेने सरकत असतील तर ते आटणाऱ्या पाण्याचा प्रवाह आहे. अगदी बारीक कण जागच्या जागी थरथरत असतील तर ते पाण्याच्या रेणूंचे धक्के. निर्जीव कणही तसेच थरथरतात. जिवंत जीव प्रवाहाविरुद्ध जातो, थांबतो, वळतो.

मग पुढील गोष्टी शब्दांत लिहा, नाव न घालता:

*कसे पुढे जाते?* पॅरामेशियम स्वतःभोवती फिरत, मळसूत्री वाटेने जाते. धाग्याला आपटले की थोडे मागे सरते, तोंड वळवते आणि पुन्हा पुढे निघते. एकदा हे नीट पाहिले की पुढे कधीच चुकत नाही. स्टायलोनिकिया हा दुसरा आदिजीव मात्र कडब्याच्या तुकड्यावर झटक्याझटक्याने चालते. युग्लीना पोहताना गिरकी घेते, आणि थांबली की तिचे अंग एका जागी फुगते, दुसरीकडे आकसते. डायाटम हे कडक कवचाचे एकपेशीय शैवाल आकार जराही न बदलता घसरत पुढे जाते आणि तसेच मागे येते. व्हॉर्टिसेला देठावर उभे असते; काचपट्टीला बोटाने हलका धक्का द्या, देठ झटकन वेटोळे होऊन आखडतो आणि सावकाश उलगडतो.

*आकार बदलतो का?* अमीबासाठी एकाच जागी दोन-तीन मिनिटे नजर ठेवावी लागते. कडेचा एक भाग पुढे येतो आणि आतले कण त्यात वाहत जाताना दिसतात. आतला प्रवाह दिसला नाही तर तो अमीबा म्हणून लिहू नका. बुडबुड्याला जाड काळी, गुळगुळीत कड असते आणि आत काहीच नसते.

*आत काय चालले आहे?* संथ झालेल्या पॅरामेशियमच्या दोन टोकांकडे एकेक गोल पोकळी भरताना आणि अचानक मिटताना दिसेल. घड्याळ लावून दोन मिटण्यांमधले सेकंद मोजा. ही संकोची रिक्तिका. गोड्या पाण्यातून आत शिरणारे जास्तीचे पाणी ती बाहेर टाकते. थेंबाच्या कडेला मिठाच्या सौम्य पाण्याचा (१०० मिलिलिटरला अर्धा ग्रॅम) अगदी छोटा थेंब सोडला की हा वेग मंदावतो. वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहिता आले तर आकृतीपेक्षा मोलाची नोंद झाली.

तपासा: पॅरामेशियमएवढाच, पुढे दोन फिरत्या चक्रांसारखे काही, आत सतत चावणारा जबडा आणि मागे दुभंगलेले शेपूट असलेला जीव दिसला? तो रोटिफर. तो बहुपेशीय आहे. एकपेशीयांच्या यादीत सर्वाधिक घुसखोरी याचीच होते.

टप्पा ६: लांबी मोजणे

१. ४० पटीवर पारदर्शक प्लास्टिकची मोजपट्टी मंचावर ठेवा आणि दृश्यवर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये वाचा. समजा ४.५ आला.
२. १०० पटीला तो ४.५ × ४० ÷ १०० = १.८ मिलिमीटर. ४०० पटीला ०.४५ मिलिमीटर, म्हणजे ४५० मायक्रोमीटर.
३. जीव दृश्याच्या व्यासात किती वेळा बसेल याचा अंदाज घ्या आणि भागा. ४०० पटीवर दोनदा बसला तर लांबी सुमारे २२५ मायक्रोमीटर.

पॅरामेशियम कॉडेटम साधारण १७० ते ३०० मायक्रोमीटर. बरणी उजेडापुढे धरली तर पांढऱ्या ठिपक्यासारखे नुसत्या डोळ्यांनी दिसते. युग्लीना बहुधा ५० च्या आसपास. यीस्टची पेशी ५ ते १०. जीवाणू बहुतेक ०.५ ते ५. तुमच्या ‘जीवाणू’ची लांबी १०० मायक्रोमीटर आली असेल तर नाव चुकले आहे.

टप्पा ७: रंगद्रव्य टाकणे

जिवंत निरीक्षण पूर्ण झाल्याशिवाय रंग टाकू नका. आयोडीनने जीव मरतात. रंगाचा थेंब आच्छादन काचेच्या एका कडेला ठेवा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. रंग आपोआप खाली ओढला जातो.

आयोडीनचे द्रावण करताना आधी २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवा, मग त्यात १ ग्रॅम आयोडीन, आणि शेवटी पाणी घालून ३०० मिलिलिटर करा. नुसत्या पाण्यात आयोडीन फारसे विरघळत नाही. औषधाच्या दुकानातल्या टिंक्चरमध्ये अल्कोहोल असते, त्याने पेशी आकसतात.

आयोडीनने कशाभिका आणि रोमके (केसांसारखे आखूड तंतू) स्पष्ट होतात. हिरव्या शैवालातला स्टार्च निळा-काळा होतो. युग्लीनाचे साठवलेले अन्न वेगळे असल्याने ती निळी-काळी होत नाही. हिरव्या ठिपक्यांचा गोंधळ या एका थेंबाने मिटतो. पॅरामेशियमभोवती कधी लांब, सुईसारखे दोरे उधळलेले दिसतात. ती रोमके नव्हेत. चिथावणी मिळाल्यावर कडेखालून बाहेर फेकले गेलेले ट्रायकोसिस्ट आहेत. रोमके आखूड असतात आणि सगळीकडे सारखी.

मिथिलीन ब्लूचे १ टक्का द्रावण १ मिलिलिटर घेऊन त्यात ९९ मिलिलिटर पाणी घाला, म्हणजे ०.०१ टक्के. यीस्ट पाहायला हेच वापरा: १०० मिलिलिटर कोमट पाणी, ५ ग्रॅम साखर, १ ग्रॅम कोरडे यीस्ट, दीड तास. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत रंगहीन राहतात, आणि ४०० पटीवर पेशीला चिकटलेली लहान कळी दिसते.

टप्पा ८: आता शब्द

आतापर्यंतच्या नोंदींवरूनच शब्द निवडा. सर्वाधिक घोळ पुढील ठिकाणी होतो.

सूक्ष्मजीव, एकपेशीय, आदिजीव, जीवाणू. पहिला शब्द आकारमान सांगतो, दुसरा पेशींची संख्या. रोटिफर सूक्ष्म आहे, पण एकपेशीय नाही. उलट अ‍ॅसिटाब्युलेरिया हे समुद्री शैवाल काही सेंटिमीटरचे असूनही एकाच पेशीचे आहे. अमीबा आणि पॅरामेशियम हे आदिजीव. त्यांच्या केंद्रकाला पटल असते, म्हणून ते दृश्यकेंद्रकी. जीवाणू आदिकेंद्रकी. विषाणूला पेशीच नसते आणि तो या सूक्ष्मदर्शीत दिसत नाही, तेव्हा या प्रयोगाच्या वहीत तो शब्द यायलाच नको.

पेशीभित्तिका आणि प्रद्रव्यपटल. भित्तिका यीस्टला, जीवाणूंना, हिरव्या शैवालाला असते. अमीबा, पॅरामेशियम आणि युग्लीनाला नसते. युग्लीना हिरवी असली तरी नसते, म्हणूनच तिचे अंग आकसते-फुगते. प्रद्रव्यपटल सगळ्यांना असते, पण त्याची जाडी सुमारे ७-८ नॅनोमीटर. प्रकाशावर चालणारा चांगल्यात चांगला साधा सूक्ष्मदर्शी सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंतच दोन बिंदू वेगळे दाखवतो. म्हणजे तुम्हाला दिसते ती पेशीची कड. आकृतीत ‘पेशीची कड’ असेच लिहा.

रोमके, कशाभिका, छद्मपाद. आखूड आणि असंख्य ती रोमके, लांब आणि एक-दोन ती कशाभिका, पेशीद्रव्य वाहून तात्पुरता पुढे आलेला भाग तो छद्मपाद. काही पुस्तकांत रोमकांना पक्ष्माभिका आणि छद्मपादाला पादाभ म्हटलेले आढळते. कोणताही संच घ्या, पण पूर्ण वहीत तोच ठेवा. अर्ध्या पानावर रोमके आणि अर्ध्यावर पक्ष्माभिका लिहिल्या की त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

विभाजन आणि संयुग्मन. दोन पॅरामेशियम जोडलेली दिसली की लगेच ‘द्विविभाजन’ लिहिले जाते. नीट पाहा. एकामागे एक, मध्ये आडवी खाच असेल तर ते आडवे द्विविभाजन. कुशीला कूस लावून शेजारी शेजारी पोहत असतील तर ते संयुग्मन. त्यात केंद्रकद्रव्याची देवाणघेवाण होते, संख्या वाढत नाही. युग्लीनात विभाजन उभे, पुढच्या टोकापासून सुरू होणारे. यीस्टचे कलिकायन.

पुटी आणि बीजाणू. प्रतिकूल काळात अमीबा स्वतःभोवती कवच करतो ती पुटी. बीजाणू हा शब्द कवकांसाठी आणि काही जीवाणूंसाठी राखून ठेवा.

शैवाल आणि नील-हरित शैवाल. नाव सारखे असले तरी दुसरे जीवाणूंमध्ये, म्हणजे मोनेरा सृष्टीत मोडते. खूण सोपी: हिरव्या शैवालात रंग हरितलवकांत कोंडलेला असतो, नील-हरितात तो पेशीभर पसरलेला. आणि स्पायरोगायराचे लांब धागे अनेक पेशींचे असतात, हे विसरू नका.

प्रजाती आणि जाती. वर्गीकरणात पॅरामेशियम ही प्रजाती आणि कॉडेटम ही जाती. वर्तमानपत्री मराठीत हे शब्द सर्रास उलटे होतात. शाळेच्या सूक्ष्मदर्शीवर जाती ठरवणे अवघड असते, तेव्हा प्रजातीवर थांबा. प्रजातीही नक्की नसेल तर ‘रोमकधारी आदिजीव’ एवढेच लिहा. ते पूर्ण उत्तर आहे, त्याचे गुण कापू नयेत.

टप्पा ९: नोंद आणि आकृती

अशी नोंद नको: “तलावाच्या पाण्यात अमीबा, युग्लीना व शैवाल दिसले.”

अशी हवी:

“नमुना: गावहाळ, काठालगतचे हिरवे पाणी, सकाळी ८, पाणी २४ अंश. पाहिले: १०० व ४०० पट, आधी जिवंत, नंतर आयोडीन. हालचाल: गिरकी घेत पुढे, थांबल्यावर अंग फुगते-आकसते. आकार: चातीसारखा, मागचे टोक निमुळते. लांबी: ४०० पटीवर दृश्यात सुमारे ९ वेळा, म्हणजे ५० मायक्रोमीटर. रंग: हिरवे ठिपके, पुढच्या टोकाजवळ तांबडा बिंदू. आयोडीननंतर: एक कशाभिका दिसली, निळा-काळा रंग नाही. नाव: युग्लीना.”

आकृती टोकदार पेन्सिलीने, सलग रेषेत, किमान अर्धे पान. छटा भरू नका. नामनिर्देशनाच्या रेषा एकमेकींना छेदू नयेत आणि त्यांना बाण नकोत. खाली पट लिहा. दिसले तेवढेच काढा: पॅरामेशियममध्ये संकोची रिक्तिका, अन्नरिक्तिका, रंग टाकल्यावर बृहत्केंद्रक. तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल या प्रयोगात दिसत नाहीत.

तपासा: वही बंद करण्याआधी प्रत्येक नामनिर्देशनावर बोट ठेवून विचारा, ‘हे मी कोणत्या पटीवर पाहिले?’ उत्तर नसेल तर खोडा.

टप्पा १०: आवराआवर

काढा उकळून मगच मोरीत ओता. वापरलेल्या काचपट्ट्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात अर्धा तास बुडवा, मग धुवा. फुटक्या आच्छादन काचा वेगळ्या डब्यात, केराच्या टोपलीत नाही. सूक्ष्मदर्शी ठेवताना सगळ्यात कमी पटीचे भिंग खाली आणा, मंच कोरडा पुसा, आणि पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. ओल राहिली तर भिंगावर बुरशी धरते आणि ते पुन्हा स्वच्छ होत नाही.